आपलाच माणूस आहे, पैसे कुठे जातात?

ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या शहराने एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. साधारण 65 कोटींचा सौदा! आम्ही तेव्हा शाळेत होतो, पण त्याची चर्चा अजून संपलेली नाही. त्या सौद्यात मधे कंपनी होती, स्टेट बँकेचं कर्ज होतं. आता याच शहरात चार लाखांची जुनी एमएच-20 वॅगनआर विकायला काढा. मधे कोण असतं? दोन कटिंग चहा आणि एक वाक्य, "आपलाच माणूस आहे, पैसे कुठे जातात?"

जातात हो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना डेटाबेस शिकवताना पहिली गोष्ट सांगतात ती ट्रान्झॅक्शनची. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर सगळंच रद्द. अर्धवट काही नाही. गाडीच्या सौद्यात असं रद्द करणारं कुणी नसतं. पैसे गेले पण गाडी नाही, किंवा गाडी गेली पण पैसे नाहीत, ही मधली फट जितकी मोठी तितका धोका जास्त. पैसे कसेही द्या-घ्या, आधी ती फट मोजा, एवढंच माझं म्हणणं.

रोख घेतली की फट दिसत नाही, म्हणून लोकांना ती आवडते. पण एका सौद्यात 2 लाख किंवा जास्त रोख घ्यायला 1 एप्रिल 2017 पासून बंदी आहे. दंड होतो तो घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेइतका. दोन-तीन हप्त्यांत घेतली तरी सौदा एकच धरतात.

चेकचं म्हणाल, तर तो बाऊन्स झाल्यावर केस करता येते. पण तारखांना तुम्ही जाणार आणि गाडी तो फिरवणार. यूपीआय टोकनपुरतं ठीक. मित्राला किंवा अनोळखी माणसाला पाठवायची मर्यादा साधारण दिवसाला एक लाख आहे. आणि समोरच्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यात दिसले तरच पैसे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

माझं मत आरटीजीएसला. किमान 2 लाख, आणि डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, रविवारीसुद्धा. खातं कुणाच्या नावावर आहे ते पाठवण्याआधी दिसावं, अशी सोय बँकांनी एप्रिल 2025 पर्यंत द्यायची होती. ती वापरा. आरसीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच हवं. "भाच्याच्या खात्यात टाका" म्हटलं की उठायचं. हल्लीचा एक प्रकार असाच चालतो. भामटा तुमच्याच गाडीचे फोटो वापरून स्वस्तात जाहिरात करतो, दोघांनाही सांगतो, "समोरचा माझा नातेवाईक आहे, किमतीचं बोलू नका," आणि पैसे स्वतःकडे वळवतो. तेव्हा किमतीचं समोरासमोरच बोला.

गाडीवर कर्ज असेल तर तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरायचे. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत काही रक्कम मागे ठेवायची, तसं लिहून.

विकणाऱ्यानेही पैसे आले म्हणून हुश्श करू नये. नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमारच्या प्रकरणात सांगितलंय. त्यात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, पैसे आणि किल्ली, हे सगळं एकाच बैठकीत. आणि ट्रान्सफरचं काम समोरच्यावर सोडून द्यायचं नाही, नाव बदललेलं स्वतः बघायचं.

खरी अडचण पैशाची नाहीच, भिडेची आहे. "एवढा अविश्वास?" असं कुणी म्हणेल म्हणून आपण पावती मागत नाही. पण मर्सिडीजवाल्यांकडून बँकेने कागद घेतले, तेव्हा कुणाचा अपमान झाला नाही. मग चार लाखांवर कशाला व्हावा? शनिवारी गाडी बघा, चालवून बघा, मेकॅनिकला दाखवा. सौदा मात्र मंगळवारी, अर्धा दिवस सुट्टी टाकून, बँकेच्या शाखेत बसून करा. चहा नंतर.