घरातील निरोगी माणूस आणि अतिसाराचा विषाणू

गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास अतिसार हा बारमाही व्याधी आहे. पावसाळ्यात त्याची संख्या वाढते इतकेच. रुग्ण बालकाच्या आईचा प्रश्न ठरलेला असतो : "घरात सगळे तेच पाणी पितात, तेच जेवतात, मग यालाच कसे झाले?" आपण उत्तर देतो, की याचा अग्नी मंद आहे, बाकीचे धडधाकट आहेत. हे उत्तर खोटे नाही, परंतु अर्धेच आहे. बाकीच्यांना 'झाले' नाही हे आपण कशावरून ठरविले? त्यांना जुलाब झाले नाहीत, एवढ्यावरूनच.

या बाबतीतला मोठा धडा आपल्याच शहराच्या गटारांनी दिलेला आहे. पोलिओचा विषाणू हा मूलतः आतड्यातील विषाणू. तो मुखावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि मलावाटे बाहेर पडतो. संसर्ग झालेल्या सुमारे 200 बालकांमागे एखाद्यासच पक्षाघात होतो. बहुसंख्यांना काहीही जाणवत नाही. 2001 पासून मुंबईतील सांडपाण्याचे नमुने परळच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तपासले जाऊ लागले, तेव्हा आसपास लुळे पडलेले एकही मूल नोंदलेले नसतानाही सांडपाण्यात पोलिओचा विषाणू मिळत असे. तो हसत्याखेळत्या मुलांच्या मलातून येत होता. आजारी मूल शोधून त्याला लस पाजण्यात अर्थ नव्हता. म्हणूनच घरोघर, प्रत्येक बालकाला, पुन्हा पुन्हा लस द्यावी लागली. देशातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लक्षणांवर विसंबून राहिलो असतो तर हे घडले नसते.

पोलिओ गेला, पण हा न्याय नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस यांनाही लागू आहे. नोरोव्हायरसचे जुलाब-उलट्या दोन-तीन दिवसांत थांबतात, परंतु विषाणू मलातून त्यानंतरही दोन आठवडे वा अधिक काळ बाहेर पडू शकतो; आणि ज्यांना कधी जुलाब झालेच नाहीत अशांच्या मलातही तो आढळतो. रोटाव्हायरसची कथा तर विलक्षण आहे. 1980 च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काही नवजात बालकांना या विषाणूचा संसर्ग झाला होता, परंतु जुलाब नव्हते. त्यांच्यापासून मिळालेल्या '116ई' या वाणावर डॉ. महाराज किशन भान यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे तीन दशके काम केले. त्यातून रोटाव्हॅक ही लस तयार झाली. तिच्या चाचणीचे एक केंद्र पुणे जिल्ह्यातील वढू येथे होते. 2016 पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आहे. लक्षणरहित वाहकांनीच लस दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

एकाच विषाणूने एक मूल गळून जाते आणि दुसरे खेळत राहते, हे का? वय, पूर्वी झालेला संसर्ग, आनुवंशिक घडण ही कारणे आहेतच. गेल्या काही वर्षांत त्यांत आतड्यातील जिवाणूसमूहाची भर पडली आहे. आणि येथे आपल्या व्याख्यानमंचांवरून जे बोलले जाते ते मला खटकते. 'आतड्यातील जिवाणू म्हणजेच अग्नी. आमच्या आचार्यांना हे ठाऊक होते' असे एका वाक्यात सांगून टाळ्या घेतल्या जातात. चरकाचार्यांनी विमानस्थानात वीस कृमी सांगताना 'सहज' कृमी त्यांतून वगळले, आणि चक्रपाणींनी ते विकार न करणारे असल्याचे म्हटले, हे खरे व अभिमानास्पद आहे. परंतु नवे संशोधन 'सहज ते सारे हितकर' असे सांगत नाही. 2011 साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात प्रतिजैविकांनी आतड्यातील जिवाणू घटविले असता पोलिओचा जोर कमी झाला. म्हणजे जिवाणू विषाणूला साहाय्य करीत होते. उलट 2019 च्या एका प्रयोगात विशिष्ट तंतुमय जिवाणूंमुळे उंदरांचा रोटाव्हायरसपासून बचाव झाला. तोच समूह कोणाचा मित्र होईल, हे विषाणूवर व जिवाणूच्या जातीवर अवलंबून आहे. असे गुंतागुंतीचे चित्र 'अग्नी' या एका शब्दात कोंबणे हा अग्नीवरही अन्याय आहे.

मग विषाणूला साहाय्य करणारे जिवाणू मारण्यासाठी प्रतिजैविक द्यावे काय? वेल्लोर येथे तान्ह्या बालकांना पोलिओची लस पाजण्यापूर्वी ॲझिथ्रोमायसिन देऊन पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले : लसीचा परिणाम वाढला नाही. उंदरांवरून बालकाकडे उडी मारता येत नाही.

तरीही आपल्या भागात पाण्यासारखे जुलाब होताच ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी दिली जाते, आणि ती देणाऱ्यांत आपले पदवीधर बंधू कमी नाहीत. विषाणूवर तिचा परिणाम शून्य. सहज जिवाणूंची मात्र वाताहत. रक्तमिश्रित प्रवाहिका वा पटकी हे वेगळे प्रकरण आहे, तेथे प्रतिजैविक टाळणे हा गुन्हा ठरेल. औषधालयाच्या मालकांनाही सांगणे आहे : गिऱ्हाईक 'बंद होण्याची गोळी' मागते म्हणून लोपेरामाइड देऊ नका, लहान मुलांसाठी तर कदापि नाही. आणि पहिल्याच दिवशी कुटजघनवटी देणाऱ्या वैद्यांनी स्वतःला वेगळे समजू नये. आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, हे आपण परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो आहोत. तेथे लाजामंड, पेया आणि जलसंजीवनी. बालकास 14 दिवस झिंक देण्यातही कमीपणा मानू नये. डोळे खोल गेलेले, लघवी थांबलेली असे मूल आपल्या दवाखान्यात न ठेवता रुग्णालयात धाडावे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. घरातील धडधाकट माणसांना औषध देण्याचे कारण नाही. त्यांच्या मलातील विषाणू नाहीसा करणारे औषध ना आपल्याकडे आहे ना आधुनिकांकडे. परंतु प्रश्न विचारता येतात. भात कोण कालवते? तान्ह्याला भरवते कोण? बहुधा ती आठ-दहा वर्षांची थोरली बहीण असते, स्वतः ठणठणीत. शौचानंतर व भरविण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सूचना मी आता चिठ्ठीवर औषधांच्याही वर लिहितो, आणि ती रुग्णासाठी नसून घरासाठी आहे हे तोंडी सांगतो. मद्यार्कयुक्त द्राव नोरोव्हायरसवर विश्वासार्ह नाही. साबण व वाहते पाणीच हवे. जेथे पाणी पिंपात साठवून पुरवून वापरावे लागते तेथे 'वाहते पाणी' म्हणणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून तांब्याने दुसऱ्याने पाणी ओतावे, असे सांगतो. औषधालयांनी जलसंजीवनीच्या पुड्यांशेजारी साबणाची वडी मांडली तर ती विकली जाते, असा माझ्या शेजारच्या दुकानाचा अनुभव आहे.