लोखंडी फुप्फुस

यश मनुष्यास तारतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेंच त्यास जखडूनही टाकतें, ही गोष्ट क्वचितच ध्यानांत येते. तिचें एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें रॉक संगीतांतलें आहे म्हणून त्यांनीं नाक मुरडूं नये, एवढीच विनंति.

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथील एका शाळेंत पांच विद्यार्थी एकत्र आले व त्यांचा ‘रेडिओहेड’ हा बॅण्ड झाला. १९९२ सालीं निघालेलें त्यांचें ‘क्रीप’ हें गाणें प्रथम फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पुढील वर्षीं मात्र तें देशोदेशीं गाजलें. मग जेथें जावें तेथें श्रोते तेंच मागूं लागले. इतर गाण्यांस कोणी पुसेना.

अशा स्थितींत १९९४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं आपल्या दुसऱ्या अल्बममधील पहिलें गाणें प्रसिद्ध केलें. त्याचें नांव ‘माय आयर्न लंग’, म्हणजे ‘माझें लोखंडी फुप्फुस’. या नांवाचें यंत्र १९२८ सालीं अमेरिकेंत ड्रिंकर व शॉ यांनीं सिद्ध केलें होतें. पोलिओनें ज्याचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले, त्या रोग्यास मानेपर्यंत धातूच्या नळकांड्यांत निजवीत. आंतील हवेचा दाब कमी केला कीं छाती फुगून श्वास आंत येई. वाढविला कीं बाहेर जाई. यंत्र थांबलें तर मरण, आणि चालू असेतों बंदिवास! ‘क्रीप’ हें गाणें आपणांस असेंच झालें आहे, हा त्या नांवांतील अभिप्राय होय. तें आपणांस जगवितें, पण हलूं देत नाहीं.

गाण्याची रचनाही अर्थास अनुरूप आहे. प्रथम गिटारीची संथ सुरावट, आणि मध्येंच कानठळ्या बसविणारा आक्रोश. ‘क्रीप’ इंग्लंडांत सातव्या क्रमांकापर्यंत चढलें होतें. हें चोविसाव्यावरच थांबलें. तथापि या मंडळींनीं दुसरें ‘क्रीप’ रचण्याचा मोह टाळला, हेंच त्यांचें खरें धैर्य. १९९५ च्या ‘द बेंड्स’नें व १९९७ च्या ‘ओके कंप्यूटर’नें त्यांची कीर्ति एका गाण्यापुरती उरूं दिली नाहीं.

दोष केवळ यशाचा नव्हे. त्या यंत्राचा भाता हलविणारे आपण श्रोतेच असतों. आवडत्या चिजेस वन्समोअर अवश्य द्यावा. परंतु कलावंत कांहीं नवें घेऊन आला असतां तेंही एकवार शांतपणें ऐकावें. त्यालाही स्वतःचा श्वास घ्यावयाचा असतो.