सगळ्यांनाच दुखतं, पण इतकं?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. मुलगी हुशार, कामसू, सदा हसतमुख. पण दर महिन्याला दोन-तीन दिवस असे यायचे, की तिच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आत ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून, गुडघे दुमडून पडलेली असायची. खाल्लेलं उलटून पडायचं. एकदा तर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली.

मी काय केलं? ओव्याचं पाणी करून दिलं आणि म्हटलं, "अगं, सगळ्यांनाच दुखतं. आम्ही नाही का सोसलं?"

माझ्या नणंदबाई, म्हणजे तिची आई, फोनवर हेच सांगत होत्या. तिची आजीही हेच म्हणत होती. ऑक्टोबरमध्ये तिची प्रॅक्टिकल परीक्षा बुडाली, तेव्हा कुठे आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली, दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. काळजीचं कारण नाही. लग्न झालं, एखादं मूल झालं की आपोआप थांबेल."

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली. रात्री पाहते तर भाची उशीत तोंड खुपसून रडत होती.

"मामी, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही सगळे खूश झालात. मला मात्र वाटत होतं, काहीतरी निघावं. निदान मी सोंग करत नाही, हे तरी तुम्हाला कळलं असतं."

त्या वाक्यानं मी वरमले. एकोणीस वर्षांच्या मुलीनं आपल्याला एखादा आजार निघावा अशी इच्छा करावी, याचा अर्थ आम्ही घरातल्या बायकांनीच तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मैत्रिणींनो, पाळीत थोडंफार दुखणं स्वाभाविक आहे. गर्भाशयाचं अस्तर गळून पडताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावतं आणि ओटीपोटात कळा येतात. हे दुखणं बहुधा अंगावरून जायला लागताना सुरू होतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, शेकानं किंवा साध्या गोळीनं आटोक्यात येतं. पण गोळी घेऊनही मुलगी उठू शकत नसेल, शाळा-कॉलेज बुडत असेल, दर वर्षी दुखणं वाढतच चाललं असेल, तर "सगळ्यांनाच होतं" असं म्हणून तो विषय संपवता येत नाही.

अशा दुखण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर वाढतात. तिथे सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना हा त्रास असतो. तरीही रोगाचं नाव कळेपर्यंत अनेकींची कित्येक वर्षं निघून जातात.

आणि नॉर्मल रिपोर्टचं काय? साध्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, बीजकोशावरची मोठी गाठ दिसते, पण या आजाराचे लहान लहान ठिपके बहुधा दिसत नाहीत. त्या कागदाचा अर्थ एवढाच, की या तपासणीत दिसण्याजोगं काही दिसलं नाही. दुखत नाही, असं तो कागद सांगत नाही.

वहीनं केलेलं काम

दुसऱ्या दिवशी मी भाचीला एक जुनी वही दिली. पुढचे तीन महिने तिनं त्यात सगळं लिहून ठेवलं. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड लागले, दहापैकी किती दुखलं, पोटाशिवाय आणखी कुठे दुखलं, कोणती गोळी किती वाजता घेतली, तिचा उपयोग झाला का, कॉलेज किती दिवस बुडालं.

ती वही घेऊन आम्ही एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी ती पानं शांतपणे वाचली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय." मला क्षणभर राग आला. पण त्या दहा मिनिटांत भाचीनं त्यांना जे सांगितलं, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना तिला सुरीनं कापल्यासारखं दुखायचं. हे आईला किंवा मामीला कसं सांगायचं, म्हणून ती गप्प होती. आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

मुलगी अविवाहित आहे, तिची आतून तपासणी होईल, या धास्तीनं कित्येक आया डॉक्टरांकडे जातच नाहीत. ही धास्ती अनाठायी आहे. पोटावरून सोनोग्राफी करता येते, गरज पडल्यास एमआरआय काढता येतो. मुलीच्या संमतीशिवाय आतून तपासणी करायची नसते. भाचीचा एमआरआय झाला. गर्भाशयामागे आजाराच्या खुणा होत्या, डाव्या बीजकोशावर जुन्या रक्ताची लहानशी गाठ होती. अशा गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

पूर्वी या आजाराची खात्री करण्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रियाच व्हायला हवी, असं मानत. आता लक्षणं आणि तपासण्या पाहून आधी औषधं सुरू करता येतात. भाचीला रोज घ्यायची एक हार्मोनची गोळी दिली गेली. त्या गोळीनं हळूहळू पाळी बंद झाली, तशी आजी घाबरली. "अगं, वाईट रक्त अंगात साठून राहील ना!"

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "आजी, या गोळीनं अस्तर जाड होतच नाही. जे तयारच होत नाही, ते साठणार कसं?"

लग्नाच्या सल्ल्याबद्दलही त्या स्पष्ट बोलल्या. गरोदरपणात काहींचा त्रास तात्पुरता कमी होतो, पण लग्न किंवा मूल हा या आजारावरचा इलाज नाही. काहींना दिवस राहायला अडचण येते, पण पुष्कळ जणी आई होतात. तेव्हा घाईघाईनं मुलीचं लग्न उरकू नये, तसंच तिच्यात काही कमी आहे असंही समजू नये.

आणखी काय असू शकतं?

प्रत्येक दुखण्याचं कारण एंडोमेट्रिओसिसच असतं, असं नाही. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असू शकतात. अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं असू शकतं, त्याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. ओटीपोटात जंतुसंसर्ग असू शकतो. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोगही लक्षात ठेवावा लागतो. तो पाळी बिघडवतो आणि पुष्कळदा मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावरच सापडतो.

पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, तर हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड तपासून घ्यावं. पाळी सुरू झाल्यापासूनच अंगावरून फार जात असेल आणि जोडीला घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त येणं असा त्रास असेल, तर रक्त गोठण्यातच दोष असू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

पंधरा वर्षांची होऊनही मुलीला पाळी आली नसेल, तर तिला तपासून घ्यावं. त्यातच दर महिन्याला पोट दुखत असेल, तर अजिबात थांबू नये. रक्त बाहेर पडायचा मार्ग बंद असू शकतो. अचानक असह्य दुखणं, ताप, घेरी, किंवा पाळी चुकल्यावर एका बाजूला जोरात दुखणं, अशा वेळी वहीबिही बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठावं.

सोसत राहणं हे जसं एक टोक, तसं आपल्याकडे दुसरंही टोक आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं होतं. "पोट दुखतं? काढून टाका" हे ऐकलं, की आधी विचारावं: रोग कोणता आहे? औषधानं भागेल का? काढल्यावर पुढे काय त्रास होईल? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नये.

भाची पूर्ण बरी झाली, असं मी म्हणणार नाही. हा आजार मुळासकट घालवणारं औषध अजून नाही. मधूनमधून तिला थोडं डाग पडतात, कधी पोट दुखतं, दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. पण वहीतला नऊचा आकडा आता दोन-तीनवर आला आहे. एप्रिलच्या परीक्षेत तिनं सगळे पेपर दिले.

परवा माझी दहा वर्षांची लेक तिला विचारत होती, "ताई, पाळीत खूप दुखतं का गं?" मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. भाची म्हणाली, "थोडं दुखतं. पण खूप दुखलं तर आईला सांगायचं. आई डॉक्टरांकडे नेईल."

ती हे इतक्या विश्वासानं म्हणाली, की मला माझं ओव्याचं पाणी आठवलं आणि डोळे भरून आले. तुमच्या घरातही एखाद्या खोलीचं दार दर महिन्याला असंच लोटलेलं असेल, तर आत जाऊन एकदा तिच्यापाशी बसा. ती जे सांगेल, ते खरं धरून ऐका.