रिकामा संगणक आपोआप बंद-चालू होतो. 'फॉरमॅट' हा त्यावर इलाज नव्हे!

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापड बाजारात गादीशेजारी संगणक नाही अशी पेढी आज विरळाच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर लहान व्यापाऱ्यालाही त्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. या संगणकाबद्दल एक तक्रार आम्हा व्यापाऱ्यांत वारंवार ऐकू येते. काम चालू असते तोवर यंत्र व्यवस्थित चालते. पण मुनीम जेवायला गेला किंवा सारे जोहरच्या नमाजला गेले, की परत आल्यावर संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालेला दिसतो. अर्धवट राहिलेले बिल जाते आणि कधी कधी हिशेबाची फाईलच उघडत नाही.

मेकॅनिकला बोलावले की उत्तर ठरलेले असते: "विंडोज खराब झाली, फॉरमॅट मारावे लागेल." पैसे मोजले जातात, दोन दिवस काम खोळंबते आणि आठवड्याने पुन्हा तेच. मग दुसरे उत्तर येते: "यंत्र जुने झाले, नवीनच घ्या." आमचे स्पष्ट मत असे की, कारण सापडल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये. मर्ज न ओळखता दवा देणाऱ्या हकिमाकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. येथेच का जावे?

हा प्रश्न केवळ एका यंत्राचा नाही. त्या संगणकात विणकरांच्या मजुरीचा, सूतवाल्याच्या बाकीचा आणि गिऱ्हाइकाच्या उधारीचा हिशेब असतो. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. हिशेब ही दुसऱ्यांची अमानत आहे. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी सर्व हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून खातरजमा करावी आणि मगच दुरुस्तीची भाषा करावी.

त्यानंतर यंत्राची स्वतःची रोजनिशी वाचावी. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची सोय असते. तिच्या 'सिस्टिम' या भागात यंत्र बंद पडल्याच्या वेळेच्या नोंदी पाहाव्यात. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र कोणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रामने रीतसर बंद-चालू केले आहे. बहुधा ते विंडोजचे अपडेट असते. अशा वेळी अपडेटच्या सेटिंगमध्ये कामाचे तास भरून दिले की काम भागते. ६००८ किंवा ४१ क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र अचानक बंद पडले असे समजावे. सोबत १००१ क्रमांकाची 'बगचेक' नोंद असल्यास विंडोज स्वतः कोसळली आहे. मग रॅम, ड्रायव्हर व हार्ड डिस्क तपासावी. तशी नोंद नसेल तर संशयाची सुई विजेकडे वळते. विंडोज कोसळली तरी यंत्र लगेच पुन्हा सुरू होते, त्यामुळे निळ्या पडद्यावरील संदेश दिसत नाही. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधील 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण काढली की तो संदेश वाचता येतो.

यंत्र रिकामे असतानाच का बिघडते? याचे एक कारण फार थोड्यांना ठाऊक असते. आजचे प्रोसेसर काम नसताना गाढ झोपेत जातात आणि अत्यंत कमी वीज घेतात. २०१३ साली इंटेलचे 'हॅसवेल' प्रोसेसर आले, तेव्हा हा भार ०.०५ अँपिअरपर्यंत खाली गेला. काही जुने एसएमपीएस इतक्या थोड्या भारासाठी बनलेलेच नव्हते. त्यांचा पुरवठा डळमळे आणि यंत्र बंद पडे. २०१७ साली आलेल्या एएमडीच्या 'रायझन' प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर याचसाठी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' ही सोय आहे. ती 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवून पाहावी. इंटेलच्या यंत्रात खोल झोपेच्या 'सी-स्टेट' काही दिवस बंद ठेवाव्यात. तेवढ्याने त्रास थांबला, तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे आणि विंडोज निर्दोष आहे, हे पैसा न खर्चता कळते. मग चांगल्या प्रतीचा एसएमपीएस बसवला की बहुधा प्रश्न मिटतो.

यूपीएसही विसरू नये. काही यूपीएस ठराविक दिवसांनी आपणहून बॅटरीची चाचणी घेतात. बॅटरी निकामी झालेली असेल तर त्याच क्षणी संगणक बंद पडतो. शिवाय विंडोज आपली देखभालीची कामे यंत्र रिकामे असतानाच उरकते, तेव्हा कमकुवत रॅम किंवा डिस्कचा दोष त्या वेळीही उघड होऊ शकतो. अर्थिंग, सैल झालेली वायर, अडकलेले रीसेट बटण, फुगलेले कपॅसिटर आणि आमच्या धंद्यात हमखास साचणारी कापसाची धूळ, हे सारे तपासायला नवीन यंत्राच्या किमतीचा लहानसा अंशही लागत नाही. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि चार दिवस वाट पाहावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

सगळा दोष मेकॅनिकांचाही नाही. आपण फॉरमॅटचे पैसे मुकाट्याने देतो, पण कोणी दोन तास बसून कारण शोधले, तर "तू केलेस तरी काय?" म्हणून घासाघीस करतो. मग त्याने कारण का शोधावे? तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, ती आनंदाने द्यावी आणि दोष कशात होता ते बिलावर लिहून मागावे.

विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे खरे. सुरक्षिततेसाठी यंत्र बदलायचे की नाही, याचा विचार प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावा. पण आपोआप बंद-चालू होण्याचा आणि या तारखेचा संबंध जोडून कोणी नवीन यंत्र गळ्यात मारू पाहील, तर त्याला रोजनिशीतील नोंद दाखवायला सांगावे.

डागी तागा विकताना डाग दाखवून विकणे हा आपल्या धंद्याचा इमान आहे. हाच इमान दुरुस्ती करणाऱ्याकडून मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्याच्या मेहनतीचा पुरा मोबदला देणे हे आपले कर्तव्य आहे.