दोन डिस्चार्ज

‘डिस्चार्ज’ हा शब्द आम्ही डॉक्टर मंडळी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. टाके काढले, बिल झाले, कार्ड लिहिले, रुग्णाला डिस्चार्ज दिला. परंतु मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर ज्या गावात आहे, त्या आपल्या बेळगावात या शब्दाला दुसराही अर्थ आहे. आसपासच्या खेड्यांतील कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी, जमिनीच्या उताऱ्याशेजारी, लष्करातून सुटताना मिळालेले डिस्चार्ज बुक जपून ठेवलेले असते. या दोन डिस्चार्जांचा परस्परांशी काही संबंध येईल असे मला कधी वाटले नव्हते. तो आला, आणि त्यात एका तरुणाचे जे नुकसान झाले त्याला माझे हस्ताक्षर काही अंशी कारणीभूत आहे. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले.

२०१९ च्या पावसाळ्यात एक निवृत्त हवालदार आपल्या वीस वर्षांच्या मुलाला रिक्षातून घेऊन आले. मुलगा आदल्या संध्याकाळी घराच्या पायरीवर अडखळला होता आणि त्यानंतर त्याला उजव्या पायावर भार देता येईना. क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाची मान मोडलेली स्पष्ट दिसत होती. वडिलांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा ओशाळलेपण अधिक होते. “डॉक्टरसाहेब, पळायला कमी पडला म्हणून मागच्याच महिन्यात ट्रेनिंगमधून परत पाठवलंय ह्याला. गावात तोंड दाखवायची चोरी झालीय. त्यात आता हे.”

चौकशी केली तेव्हा हकीकत कळली. दूरच्या एका केंद्रात तो रंगरूट म्हणून दाखल झाला होता. तिसऱ्या महिन्यापासून धावताना जांघेत दुखू लागले. दोन-तीनदा तपासणीला गेला, वेदनाशामक गोळ्या आणि दोन-चार दिवसांची विश्रांती मिळाली. धावण्याच्या चाचणीत वेळ चुकली, मागच्या तुकडीत टाकले. तेथेही वेळ चुकली, पुन्हा मागे टाकले. अखेर कसम परेड होण्यापूर्वीच ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ अशा अर्थाच्या शेऱ्यासह त्याला घरी पाठविण्यात आले.

आता अस्थिरोगाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा : वीस वर्षांच्या निरोगी मुलाच्या मांडीच्या हाडाची मान पायरीवर अडखळून मोडते काय? ती सत्तरीच्या आजीबाईंची मोडते. तरुणाची मोडायची तर मोटारसायकलचा अपघात हवा, उंचावरून पडणे हवे. किंवा ते हाड आधीच तडकलेले हवे. चित्रात भंगरेषेच्या वरच्या कडेला हाड दाट, पांढुरके झालेले होते. एका रात्रीत असे होत नाही, त्याला आठवडे लागतात. शस्त्रक्रियेच्या वेळी मी सहायकाला म्हणालोही, “हे कालचं नव्हे. हे परेडच्या मैदानावरचं आहे.” तीन स्क्रू बसविले, मुलगा पाचव्या दिवशी घरी गेला. डिस्चार्ज कार्ड सहायकाने लिहिले. कारणाच्या रकान्यात ‘घरी पायरीवरून पडल्याने’ एवढेच. खाली सही माझी.

त्या कार्डात खोटे काहीच नव्हते, पण शस्त्रक्रियागृहात जे मी बोललो ते कागदावर आले नाही.

पुढे व्हायचे तेच झाले. त्या सांध्याच्या गोलकाचा रक्तपुरवठा खुंटला, गोलक खचला, आणि आज तो मुलगा लंगडतो. २०२४ मध्ये कोणा माजी सैनिकाच्या सल्ल्याने त्याने अर्ज केला की, मला अकार्यक्षम म्हणून नव्हे तर वैद्यकीय कारणाने सेवामुक्त केल्याची नोंद व्हावी आणि माझी वैद्यकीय मंडळापुढे तपासणी व्हावी. अर्जाला त्याने श्रद्धेने माझे डिस्चार्ज कार्ड जोडले. उत्तर दीड पानाचे आले. त्याचा मथितार्थ असा की, अर्जदाराने स्वतःच जोडलेल्या रुग्णालयाच्या कागदानुसार अस्थिभंग सेवामुक्तीनंतर, घरी पडल्याने झालेला आहे. सबब विचार करता येत नाही.

ते पत्र हातात घेऊन तो माझ्यासमोर बसला होता. रागावला नव्हता. “सर, तुम्ही तेव्हा म्हणाला होता ना, हे जुनं आहे म्हणून?” एवढेच त्याने विचारले.

सैन्याला कठोर शारीरिक निकष हवेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्याला ठरलेल्या वेळेत धावता येत नाही त्याला घरी पाठवावेच लागेल. बर्फात किंवा वाळवंटात त्याच्या जोडीदाराचा जीव त्याच्या पायांवर अवलंबून असतो. माझा मुद्दा एवढाच की, धावता न येणे आणि हाड तडकल्यामुळे धावता न येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्यांतील भेद सांगणे हे कवायत शिकविणाऱ्या हवालदाराचे काम नसून डॉक्टरचे आहे. हा रोग काही नवा नव्हे. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच केल्यानंतर शिपायांच्या पायांना येणाऱ्या दुखऱ्या सुजेचे वर्णन १८५५ मध्ये केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला चाळीस वर्षे होती. पुढे क्ष-किरणांनी त्या सुजेमागची चीर दाखविली आणि ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव रूढ झाले. बहुतेक वेळा ही चीर पावलात किंवा नडगीत येते व विश्रांतीने भरून निघते. मांडीच्या हाडाच्या मानेत, त्यातही वरच्या बाजूस आली तर मात्र ती घातक. आणि नेमके तेथेच पहिले दोन-तीन आठवडे साधे चित्र निर्दोष दिसू शकते. एमआरआय केल्याशिवाय खात्री होत नाही. जांघेत दुखते म्हणणारा रंगरूट कामचुकार वाटतो तो यामुळे.

शेऱ्यातल्या शब्दाने एवढे काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. बिघडते ते असे. १९५४ च्या आर्मी रूल्समधील नियम १३ मध्ये सेवामुक्तीचे निरनिराळे मार्ग दिलेले आहेत. वैद्यकीय कारणाने घरी पाठवायचे तर वैद्यकीय मंडळ बसवावे लागते. कसम परेड न झालेल्या रंगरुटाला ‘कार्यक्षम होणार नाही’ म्हणून पाठवायचे तर कमांडिंग ऑफिसरचा आदेश पुरतो. पहिल्या मार्गाने गेलेल्याचे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे झाले वा वाढले असे ठरले आणि ते २० टक्के वा अधिक भरले, तर त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते, माजी सैनिक हा दर्जा मिळतो, त्याबरोबर नोकरीतील राखीव जागा आणि उपचारांची सोय येते. दुसऱ्या मार्गाने गेलेल्याला गावची वाट मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजपाल सिंग प्रकरणात, खालच्या वैद्यकीय श्रेणीत गेलेल्या सैनिकाला वैद्यकीय मंडळ न बसविता सेवामुक्त करणे नियमबाह्य ठरविले. ते प्रकरण कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याचे होते, रंगरुटाचे नव्हे. पण आजाराचे काम दुसऱ्या नावाखाली उरकू नये हा त्यातला विचार मला दोघांनाही सारखाच लागू वाटतो.

दुसरा निकाल आपण डॉक्टरांनी तर आवर्जून वाचावा असा आहे. धरमवीर सिंग हे सुमारे नऊ वर्षे सेवा करून १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणाने २० टक्के अपंगत्वासह बाहेर पडले. वैद्यकीय मंडळाने लिहिले की रोगाचा सेवेशी संबंध नाही. का नाही, ते लिहिले नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांच्या आधारे सांगितले की, भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद नाही तो त्या वेळी नव्हता असे मानावे, पुराव्याचा भार सैनिकावर टाकू नये, आणि मंडळाला उलट मत द्यायचे असेल तर त्याने कारणे द्यावीत. ‘कारणे द्यावीत’ हे न्यायालयाला डॉक्टरांना सांगावे लागले, याचे मला वैषम्य वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत सैनिकाचा दावा नाकारला, कारण भरतीच्या तपासणीत असा रोग ओळखता येतोच असे नाही. २००८ च्या नियमावलीने, रोग सेवाकाळात दिसला एवढ्यावरूनच तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही, असे बजावले आणि डिस्चार्जनंतर १५ वर्षांनी येणाऱ्या दाव्यात पुराव्याचा भार दावेदारावर ठेवला. सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी नवे नियम आले. या कडकपणामागे सवलतीच्या गैरवापराची शंका आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र निवृत्तीच्या वेळी अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त असल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालातच आले होते. शंका वरच्या मजल्यावर उपजते आणि ओझे मात्र तळमजल्यावरच्या रंगरुटाच्या डोक्यावर येते.

२०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना तर निवृत्तिवेतनच नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी ५०, ७५ आणि १०० टक्के अशा टप्प्यांना अनुक्रमे १५, २५ आणि ४४ लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे. म्हणजे तेथेही पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार : हे सेवेमुळे झाले की नाही, आणि कोणी, कशावरून ठरविले? आपल्या भागातील पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पाहिली की मला हेच आठवते.

अमेरिकेत डिस्चार्जचा शेरा बदलून मागण्यासाठी पुनर्विलोकन मंडळे आहेत. १५ वर्षांच्या आत एक फॉर्म भरून, वकील न लावताही माणूस तेथे दाद मागू शकतो. आपल्याकडे अर्ज-विनंत्या संपल्या की सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते निर्माण झाले, २००९ पासून कामही करू लागले, आणि त्याने अनेकांना न्याय दिला; परंतु खेड्यातील मुलाला ती वाट लांबची आणि खर्चाची आहे. त्याहून निकडीची गोष्ट कागदांची. निवृत्तिवेतन नसलेल्या शिपायाचे दप्तर लष्कर २५ वर्षांनी नष्ट करते. आपल्यावर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाची कागदपत्रे ठेवण्याचे बंधन घातले आहे ते तीनच वर्षांचे! माझ्या रुग्णालयातून त्या मुलाचे २०१९ चे कागद केव्हाच रद्दीत गेले होते. मूळ चित्र वाचले ते त्याच्या आईने गादीखाली सपाट ठेवले म्हणून.

ते चित्र मी प्रकाशपेटीवर पुन्हा लावले आणि नवा दाखला लिहिला. मागची तारीख घातली नाही. तशी घाला म्हणून सुचविणारे भेटले, पण त्याने मुलाचा दावाच खोटा पडला असता. आजची तारीख, कोणत्या दिवसाचे चित्र पाहिले ते, भंगरेषेच्या कडेला कोणते बदल दिसतात आणि त्यांना साधारण किती आठवडे लागतात, जांघेतल्या दुखण्याची जी हकीकत दाखल होताना सांगितली गेली ती, आणि पायरीवरचे अडखळणे हे भंगाचे मूळ कारण नसून आधीच तडकलेले हाड पूर्ण मोडण्याचे निमित्त होते असे माझे मत व त्याची कारणे. शेवटच्या परिच्छेदात, माझे २०१९ चे कार्ड या बाबतीत अपुरे होते, असेही लिहिले. ते वाक्य लिहिताना हात जरा अडला, हे कबूल करतो. एका स्नेही सर्जनने सावधही केले की असे लेखी देऊ नये, उद्या अंगाशी येईल. येवो बापडे. त्याच्या अंगाशी आलेच आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे असे रुग्ण येतात. कानात शिट्टी वाजते म्हणणारा तोफखान्यातला शिपाई येतो, उंच ठाण्यावरून परतल्यावर झोप उडालेला येतो, सुटीवर आलेला असताना रक्तदाब प्रथमच आपल्यालाच सापडतो असाही येतो. आपण ‘कान दुखतो, थेंब दिले’ असे खरडतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्याला केव्हापासून, कोठे असताना, काय करताना, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे तारखेसह लिहायला तीन मिनिटे लागतात. आणि लष्करी मंडळांवर बसणारे आपले समव्यवसायी हे वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती की, दुखण्याची तक्रार नोंदलेल्या रंगरुटाला ‘अकार्यक्षम’ म्हणून घरी पाठविण्याच्या कागदावर सही होण्याआधी एकदा त्याचा एमआरआय पाहावा.

मुलाचा दुसरा अर्ज गेल्याला आता काही महिने झाले. माहितीच्या अधिकारात त्याने प्रशिक्षण काळातील आपल्या तपासण्यांच्या नोंदीही मागविल्या. त्यांतल्या दोन आल्या आणि दोन्हींत ‘जांघेत वेदना’ हे शब्द आहेत. उत्तर अद्याप नाही. तो सध्या एका किराणा दुकानात हिशेब लिहितो, बसून. दाखल्याच्या नमुन्याची प्रत त्याच्या संमतीने, नाव झाकून, माझ्या दवाखान्यात ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर येऊन न्यावी.