घडासमोरचा देठ

चिंतारोगावरच्या गेल्या आठवड्याच्या लेखावर इंदापूरकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. "चिंतारोगाचं काय घेऊन बसलात राव? कालव्याला पाणी हाय, उसाला कारखाना हाय. चिंता करायची ती जिरायतवाल्यांनी." सरकारचंही मत असंच असावं. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ साली प्रेरणा प्रकल्प निघाला, तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांपुरता. तिथली गरज मोठी, कबूल. पण नीरा डाव्या कालव्याने आमची काळजी वाहून नेली, हे कुणी ठरवलं?

आवर्तन टेलला पोचेल का, ऊसतोडीची टोळी कधी येईल, पोराचं लग्न जमेल का, ही झाली रोजची काळजी. काम मार्गी लागलं की ती विरते. चिंतारोग हा विकार; त्यात ऊस जातो, बिल जमा होतं आणि काळजी दुसरा विषय धरून बसते. सहा-सहा महिने. झोप नाही, मान-खांदे आखडलेले, घरात सगळ्यांवर चिडचिड.

आता फोन करणाऱ्या याच गृहस्थांची द्राक्षबाग घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की घडासमोरच्या पानांचे देठ तोडून ते तपासणीला देतात. पान हिरवंगार असतं, तरीही. का, तर आत पोटॅश कमी पडलंय हे वरून दिसत नाही. मग माणसाचंच तेवढं वरून दिसतं होय? डॉक्टरांकडे सात प्रश्नांची चाचणी आहे, जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ होता, काळजी आवरता आली का, काही वाईट घडेल असं वाटत राहिलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज १० किंवा वर गेली तर नीट तपासून घ्यायचं. देठाच्या अहवालाने तरी कुठं सगळं कळतं? खत कुठं कमी पडतंय त्याचा अंदाज येतो. पण तो अहवाल गावभर दाखवणारा माणूस हे सात प्रश्न बायकोसमोरसुद्धा वाचणार नाही.

त्यापेक्षा सलाईन बरं! छातीत धडधडलं की ईसीजी, तो काढावाच. तो चांगला आला की मात्र 'अशक्तपणा' आणि बाटली. कऱ्हाटी गावातली निम्मी सलाईन काळजीलाच लागतात, असा माझा संशय आहे. पुरावा नाही.

टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. विकारावर समुपदेशन चालतं, गोळ्याही चालतात; त्या लागू पडायला काही आठवडे जातात आणि आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. मेडिकलवाल्या पाहुण्याने चिठ्ठीशिवाय दिलेली झोपेची गोळी यात मोजू नका.