बालसंगोपन : उंबरठ्याबाहेरची शाळा

मूल चालू लागले की त्याला घर अपुरे पडते. वडीलधाऱ्यांच्या लेखी फिरणे म्हणजे अंतर काटणे. मुलाच्या लेखी मात्र वाटेतील प्रत्येक खडा हा एक मुक्काम असतो. त्या मुक्कामी थांबण्याइतका धीर वडिलांपाशी असला, की शिक्षणास प्रारंभ झालाच.

हे मर्म ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ओळखले होते. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणकार्य १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे पाने, बिया, खडे, शिंपले हीच शिक्षणाची साधने ठरली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली.

हॅलिफॅक्सच्या पालकांनाही असे कुरण लाभले आहे. वर्षाकाठी एक शिलिंग भाड्याने, ९९९ वर्षांच्या करारावर १८६६ साली मिळालेले पॉइंट प्लेझंट उद्यान सागराला अगदी लागून आहे. भरतीला बुडालेला खडक ओहोटीला उघडा पडतो, हे मुलाने दोन वेळा पाहावे. विज्ञानाचा पहिला धडा झाला. सूचिपर्णी वृक्षांची फळे लहानमोठ्या क्रमाने मांडावीत; तो गणिताचा धडा. सप्टेंबर २००३ मधील ‘ह्वान’ वादळाने येथील हजारो वृक्ष पाडले. त्यांच्या जागी वाढलेली तरुण झाडे दाखवून ही हकीकत सांगितली, की तो इतिहासही झाला. घरी परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, एवढे मात्र अवश्य पाहावे.

परदेशी वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पणास लागलेली असते. घरात त्याच्या कानी पडणारी मराठी बहुधा आज्ञांची असते : जेव, झोप, आवर. खरखरीत, गुळगुळीत, भुसभुशीत, ओलसर हे शब्द आज्ञेत येत नाहीत. ते बोटांना स्पर्श घडत असतानाच कानी पडावे लागतात. तेव्हा फिरताना हातातील दूरध्वनी खिशात ठेवावा, आणि मुलाच्या प्रश्नास लगेच उत्तर न देता ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे.

सायंकाळी खिशातील फळे बाहेर निघतील. मायदेशी असलेल्या आजीने ती कधी पाहिलेली नसतात. ती कशी आहेत हे तिला दूरध्वनीवरून मराठीत समजावून सांगण्याचे काम नातवंडाकडे द्यावे. शब्द अडेल तेथे आजी तो पुरवील.